जहाजाचं भाडं शेवटी बांधावर येतं

जत, जि. सांगली
ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. श्री. सर्बानंद सोनोवाल,
केंद्रीय बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्री,
नवी दिल्ली.

विषय: जहाजमालकांचे वाढते खर्च, कंटेनरचं भाडं आणि दुष्काळी पट्ट्यातला द्राक्ष-डाळिंब उत्पादक.

महोदय,


येत्या २७ तारखेपासून मुंबईत गोरेगावला ‘इंडिया मेरीटाइम वीक’ भरतोय. देशोदेशीचे जहाजमालक, बंदरचालक, बँका आणि विमा कंपन्या तिथे येतील. करार होतील, मोठमोठे आकडे जाहीर होतील. त्या मांडवात जत तालुक्यातल्या माणसाचं काय काम, असं कुणीही विचारेल. आमच्याकडे समुद्र नाही. पाऊस रुसला की प्यायलाही टँकर आणि बागेलाही टँकर, असा आमचा मुलूख. पण आपणही आसामचे आहात. दिब्रुगडलाही समुद्र नाही, तरी तिथल्या चहाला परदेशी जायचं तर जहाज लागतं. आमच्या द्राक्षाला आणि डाळिंबालाही लागतं. जहाजमालकाचा खर्च वाढला की तो जहाज कंपनीकडे जातो, कंपनीकडून निर्यातदाराकडे, निर्यातदाराकडून आमच्या बांधावर. पुढे ढकलायला आमच्यापुढे कुणी उरत नाही. म्हणून हे पत्र.

१९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनच्या हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज पळवलं, तेव्हा आमच्या ऑक्टोबर छाटणीच्या बागा फुलोऱ्यात होत्या. डिसेंबरात मोठ्या कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडला. जानेवारीत काढणी सुरू झाली, तोवर न्हावा-शेवा बंदराहून युरोपला जाणाऱ्या रीफर (शीत) कंटेनरचं भाडं दुपटीच्या पुढे गेलं होतं. आमच्याकडे द्राक्षाचा दर चार किलोच्या पेटीवर ठरतो. समजा, एका कंटेनरचं भाडं अडीच हजार डॉलरांनी वाढलं. तेव्हाच्या ८३ रुपयांच्या डॉलरने ते झाले दोन लाख सात हजार रुपये. कंटेनरमध्ये तेरा टन माल धरला तर किलोमागे सोळा रुपये, म्हणजे पेटीमागे चौसष्ट रुपये. युरोपातला दुकानदार भाव वाढवून देत नाही, कारण त्याच्या दारात इतर देशांची द्राक्षंही उभी असतात. मग बांधावर आलेला व्यापारी माल बघतो, मण्याचा आकार मोजतो, गोडी तपासतो आणि दर पाडून सांगतो. “भाडं वाढलंय” एवढं एकच कारण तो देतो. ते खरं किती आणि खोटं किती, हे तपासायला आमच्याकडे काहीही साधन नसतं.

भाड्यापेक्षा दिवस जास्त मारतात. द्राक्ष शून्य अंशाच्या आसपास, पेटीत सल्फरचा पॅड घालून पाठवतात. देठ हिरवा राहिला तर भाव मिळतो. आठ-दहा दिवस जास्त गेले की देठ तपकिरी पडतो, मणीगळ होते आणि तिकडे पोचलेला माल दुय्यम ठरतो. २०२३-२४ मध्ये देशातून ३ लाख ४३ हजार टन द्राक्षं बाहेर गेली, त्यांची किंमत ३,४६० कोटी रुपये होती. आकडा मोठा दिसतो. त्यामागे कितीजणांनी ऐन वेळी युरोपचा नाद सोडून माल स्थानिक बाजारात काढला किंवा बेदाण्याच्या शेडवर टाकला, ते या आकड्यात दिसत नाही.

आता जहाजमालकाच्या बाजूने हिशेब मांडतो. मुंबई ते रॉटरडॅम सुएझमार्गे साडेसहा हजार सागरी मैलांच्या आत आहे. आफ्रिकेला वळसा घातला तर दहा हजारांच्या वर. ताशी सोळा मैलांनी चालणाऱ्या जहाजाला हे दहा-अकरा दिवस जास्त. मध्यम आकाराचं कंटेनर जहाज दिवसाला शंभर टन इंधन जाळतं आणि टनाला साडेपाचशे डॉलर पडतात, असं मोघम धरू. एका फेरीला सहा लाख डॉलर जादा, म्हणजे पाच कोटी रुपये.

मग तांबड्या समुद्रातूनच का जात नाहीत? विम्यामुळे. एरवी या पट्ट्यातून जायला युद्धजोखमीचा विमा जहाजाच्या किमतीच्या एक दशांश टक्क्याहूनही कमी असे. २०२४ च्या सुरुवातीला तो एक टक्क्याच्या घरात गेला. दहा कोटी डॉलरच्या जहाजाला एका फेरीचे दहा लाख डॉलर, आणि सुएझचा टोल वेगळा. शिवाय विमा म्हणजे सुरक्षितता नव्हे. फेब्रुवारीत ‘रुबीमार’ या जहाजावर मारा झाला आणि मार्चच्या सुरुवातीला ते बुडालं. त्याच महिन्यात ‘ट्रू कॉन्फिडन्स’वरचे तीन खलाशी मारले गेले. वळसा घालणाऱ्या मालकाला दोष कसा देणार?

पण हिशेब इथे संपत नाही. वर धरलेल्या जहाजावर आठ हजार कंटेनर असतील, तर सहा लाख डॉलरचे वाटप कंटेनरमागे पाऊणशे डॉलर होतं. मग भाडं हजारांनी का वाढलं? जाऊन-येऊन बावीस दिवस वाढले. दर आठवड्याला एक जहाज सोडायचं तर प्रत्येक मार्गावर तीन जहाजं जास्त लागतात. जगात तेवढी मोकळी जहाजं नव्हती. त्यात आपल्याकडे थंडगार माल बाहेर जातो जास्त आणि येतो कमी, त्यामुळे रिकामे रीफर बाहेरून आणावे लागतात. तुटवडा पडला आणि तुटवड्याचा भाव लागला. खर्च खरा होता, पण भाडं खर्चाच्या कितीतरी पुढे धावलं. या दोहोंतलं अंतर कुणी मोजलं नाही.

‘जहाजमालक’ म्हणताना आपण एक माणूस किंवा एक कंपनी डोळ्यांसमोर आणतो. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात आडवं पडलेलं ‘एव्हर गिव्हन’ आठवा. मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, झेंडा पनामाचा, देखभाल जर्मन कंपनीकडे आणि जहाजावरचे पंचवीसही खलाशी भारतीय. सहा दिवसांनी जहाज निघालं, पण इजिप्तने भरपाईसाठी ते जुलैपर्यंत अडकवून ठेवलं. सुरुवातीची मागणी ९१ कोटी डॉलरच्या वर होती. मालकाने ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ पुकारला, म्हणजे जहाज सोडवण्याच्या खर्चात ज्यांचा माल वर होता त्यांनीही वाटा उचलायचा. समुद्रावरचा हा शेकडो वर्षांचा रिवाज आहे. गावाकडे कंटेनर भरून देणाऱ्या किती जणांना तो ठाऊक असेल?

आपल्या किनाऱ्याचंही बघा. २५ मे २०२५ ला कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं. जहाज १९९७ सालचं, झेंडा लायबेरियाचा, वर ६४० कंटेनर. केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा लावला. पंधरा दिवसांच्या आत ‘वान हाय ५०३’ला केरळच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात आग लागली. ते कोलंबोहून आमच्याच न्हावा-शेवाकडे निघालं होतं. अशा दाव्यांचा भार जहाजमालकांचे परस्पर विमा क्लब उचलतात, आणि पुढच्या वर्षी त्याची वर्गणी साऱ्या मालकांच्या माथी बसते.

कायद्यांचा खर्चही मोठा. २०२० पासून जहाजाच्या इंधनात अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त गंधक चालत नाही, पूर्वी साडेतीन टक्के चालत असे. एका बंदरात भरलेलं तोलाचं पाणी दुसऱ्या बंदरात सोडण्याआधी शुद्ध करणारी यंत्रणा सप्टेंबर २०२४ पर्यंत बसवणं भाग होतं. पाच वर्षांतून दोनदा तळाची तपासणी करावी लागते, त्यासाठी जहाज बहुधा सुक्या गोदीत न्यावं लागतं, आणि तेवढे दिवस कमाई शून्य. २०२४ पासून युरोपने जहाजांच्या धुरावर कार्बनचा भार लावला. त्या वर्षीच्या धुराच्या ४० टक्क्यांवर, २०२५ मध्ये ७० टक्क्यांवर आणि २०२६ पासून पूर्ण. भारतातून युरोपात जाणाऱ्या फेरीचा अर्धा धूर त्यात मोजतात. एक टन इंधन जळलं की तीन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे युद्धामुळे वळसा घातला, तर लांबलेल्या रस्त्याचा कार्बनही भरायचा. परवाच लंडनला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत जगभरासाठी कार्बन-आकारणीचा निर्णय वर्षभर पुढे ढकलला गेला. नवं जहाज मागवायचं तर ते डिझेलवर चालणारं, मिथेनॉलवर की अमोनियावर, हेच आज मालकाला कळत नाही. जहाज पंचवीस वर्षं चालवायचं असतं आणि नियम दोन वर्षांनी बदलतात. त्यामुळे जुनी जहाजं ओढून चालवली जातात, आणि त्यातूनच अपघात होतात.

हे सारं वाचताना मला आमची द्राक्षबागच आठवते. लोखंडी अँगल, तारा, ठिबक, खुंट आणि कलमं यांत कर्ज काढून पैसा आधी घालायचा. दर पडला म्हणून बाग बंद ठेवता येत नाही. खरड छाटणी, फवारणी, मजुरी आणि पाणी चालूच. यंदा मे महिन्यापासून पाऊस लागून राहिला, काडीत घडच तयार झाले नाहीत, आणि जे दिसले त्यांतलेही काही जिरले. खर्च मात्र पूर्ण. जहाज नांगरून ठेवलं तरी खलाशी, विमा, हप्ता आणि गंज थांबत नाहीत. दोन्ही धंद्यांत चार वर्षं कशीबशी निघतात आणि एखादं वर्ष सोन्याचं येतं. करोनाच्या काळात, २०२१-२२ मध्ये, जहाज कंपन्यांनी अफाट कमावलं, हे आम्ही विसरलेलो नाही. पण त्याआधी ऑगस्ट २०१६ मध्ये कोरियाची हॅन्जिन ही जगातली सातव्या क्रमांकाची कंटेनर कंपनी बुडाली, तेव्हा बंदरांनी तिची जहाजं आत घेतली नाहीत. आपले पैसे कोण देणार, हा त्यांचा सवाल. सुमारे चौदा अब्ज डॉलरचा माल समुद्रावरच अडकला. जहाजमालक बुडाला की मालवालाही बुडतो, हे तेव्हा जगाने पाहिलं. म्हणून त्याला चोर ठरवून आमचा प्रश्न सुटणार नाही.

भारत या खेळात कुठे आहे, हे आपल्या सरकारनेच सांगितलं आहे. २० सप्टेंबरला भावनगरला पंतप्रधान म्हणाले की पन्नास वर्षांपूर्वी आपल्या व्यापारात भारतीय जहाजांचा वाटा ४० टक्के होता, आज तो पाच टक्क्यांवर आला आहे, आणि परदेशी कंपन्यांना आपण दर वर्षी सुमारे सहा लाख कोटी रुपये भाडं देतो. त्यातले पेटीमागचे चौसष्ट रुपये आमच्या बागेतून गेलेले असतात. ‘शिपिंग कॉर्पोरेशन’ २ ऑक्टोबर १९६१ ला उभी राहिली, पण आज तिची कंटेनर जहाजं बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

भारतीय जहाजांची ही लढाई आमच्या भागाला नवी नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी नरोत्तम मोरारजी आणि इतरांबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला त्यांचं ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघालं. तोच दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून त्यांना संपवायचा प्रयत्न केला. ‘लॉयल्टी’ चार वर्षांत भंगारात गेलं, पण मालवाहू जहाजांच्या बळावर कंपनी टिकली आणि विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखानाही तिने उभारला. सांगलीत विश्रामबागेला वालचंदांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या पोरांना हा माणूस कारखानदार म्हणून ठाऊक असतो, जहाजमालक म्हणून क्वचितच. वालचंदांपुढे जी अडचण होती ती आजही तशीच आहे: जहाज विकत घेता येतं, पण दर युद्धात आणि मंदीत ते टिकवायला स्वस्त भांडवल आणि मालाची हमी लागते.

२४ सप्टेंबरला मंत्रिमंडळाने ६९,७२५ कोटींचं पॅकेज मंजूर केलं, त्याबद्दल आपलं अभिनंदन. त्यातले २४,७३६ कोटी जहाजबांधणीच्या अर्थसाह्याला, १९,९८९ कोटी जहाजबांधणीची क्षमता वाढवायला आणि २५,००० कोटी सागरी विकास निधीला. जहाज बांधणारा पुढे येईल, यात शंका नाही. माझा सवाल आहे तो जहाज बाळगणाऱ्याचा. आपल्या झेंड्याचं जहाज घेणाऱ्याला परदेशी मालकापेक्षा महाग आणि कमी मुदतीचं कर्ज मिळतं. परदेशी जहाजावर काम करणाऱ्या आपल्या खलाशाला बहुधा प्राप्तिकर पडत नाही, भारतीय जहाजावरच्याला पडतो; मग हातात तेवढाच पगार पडावा म्हणून भारतीय मालकाला जादा मोजावे लागतात. जगातल्या दर शंभर खलाशांमागे बारा भारतीय असताना आपला झेंडा लावणं मालकाला महाग पडतं आणि पनामाचा किंवा लायबेरियाचा परवडतो.

तेव्हा आमच्या मागण्या अशा:

पहिली. सागरी विकास निधीतला ठरावीक हिस्सा कंटेनर जहाजांसाठी आणि रीफरच्या सोयीसाठी राखावा, आणि कर्जाची मुदत जहाजाच्या आयुष्याला साजेशी असावी. खलाशांच्या कराचा तिढा अर्थखात्याशी बोलून सोडवावा.

दुसरी. मालाची हमी आम्ही देऊ. द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते एप्रिल असा ठरलेला आहे. कृषी निर्यात संस्था अपेडाच्या ‘ग्रेपनेट’ प्रणालीवर निर्यातीच्या बागांची नोंदणी छाटणीच्या वेळीच होते, म्हणजे किती माल निघणार याचा अंदाज तीन महिने आधी सरकारकडे असतो. त्या आधारावर शेतकरी कंपन्या, निर्यातदार आणि जहाज कंपनी यांच्यात हंगामापुरते भाड्याचे करार व्हावेत. भाडं पडलं तरी आम्ही करार मोडणार नाही, ते चढलं तर कंपनीने मोडू नये. अशी हमी असेल तर बँकही जहाजमालकाला कर्ज देताना दहा वेळा विचार करणार नाही.

तिसरी. कंटेनरच्या बिलाचे सगळे घटक उघडे करावेत. आज बिलावर मूळ भाडं, इंधनाचा अधिभार, हंगामी अधिभार, युद्धजोखमीचा अधिभार, कार्बनचा अधिभार आणि टर्मिनलचा खर्च अशा ओळी एकाखाली एक येतात. जहाज तांबड्या समुद्रातून गेलंच नाही, तरी युद्धजोखमीची ओळ असते का? कारण संपल्यावर अधिभार किती दिवसांत उतरतो? अमेरिकेत फेडरल मेरीटाइम कमिशन आहे आणि २०२२ च्या कायद्याने त्याचे अधिकार वाढवले. आपणही यंदा संसदेत जहाजवाहतुकीचे नवे कायदे केले. त्यांच्या जोडीला अधिभाराची तक्रार ऐकणारं आणि हिशेब मागणारं एक ठिकाण मुंबईच्या नौवहन महासंचालनालयात हवं. ज्या कंपनीचा खर्च खरा आहे तिला याची भीती वाटायचं कारण नाही. उलट तिचंच नाव राहील.

चौथी. विजयपूर-गुहागर महामार्ग आमच्या जतमधूनच जातो, म्हणजे आमचा रस्ता थेट समुद्राला लागतो. माल मात्र पुण्यामार्गे न्हावा-शेवाला जातो आणि गर्दीच्या दिवसांत तिथे ताटकळतो. शेजारच्या कवठेमहांकाळ तालुक्यात रांजणीला ड्रायपोर्ट होणार, असं आम्ही अनेक वर्षं ऐकत आलो. प्रीकूलिंग, रीफरला वीज आणि कस्टमची तपासणी इथेच झाली, तर समुद्रावर वाढलेल्या दहा दिवसांतले एक-दोन दिवस आम्ही जमिनीवर वाचवू. होणार असेल तर तारीख सांगा, होणार नसेल तर तसं सांगा.

पाचवी. कार्बनच्या आकारणीचा प्रश्न पुढच्या वर्षी लंडनला पुन्हा येईल. धूर कमी व्हायला हवा, याबद्दल दुमत नाही. अवकाळी पावसाचा मार आम्हीच खातो. पण युद्धामुळे वाढलेल्या मैलांचा भार नाशवंत माल पिकवणाऱ्यावर पडू नये, एवढं भारताने तिथे मांडावं.

जहाजाचा रस्ता सोडून आम्हाला चालणार नाही. विमानाचं भाडं फळाला झेपत नाही. शेजारच्या सोलापूर भागातली डाळिंबं ६ डिसेंबर २०२४ ला समुद्रमार्गे निघाली आणि १३ जानेवारीला सिडनीला पोचली. अमेरिकेलाही यंदा पहिल्यांदाच जहाजाने माल गेला. डाळिंब पाच आठवडे टिकतं हे सिद्ध झालं, म्हणजे जत, सांगोला, आटपाडी या साऱ्या माळरानाला नवी बाजारपेठ उघडली. ती टिकणार की नाही, हे आता आमच्या फळापेक्षा जहाजाच्या भाड्यावर ठरेल.

गोरेगावच्या मांडवात मंचावर जहाजमालक असतील, बँका असतील. एका सत्रात तरी मालवाल्याला बसवा. कंटेनरचं एक बिल मधे टेबलावर ठेवा आणि प्रत्येक ओळ कोणाच्या खिशातून येते ते समोरासमोर ठरवा. आमच्या बाजूने हंगामाच्या मालाची हमी देणारे शेतकरी घेऊन यायला मी तयार आहे. येत्या जानेवारीच्या काढणीआधी आपल्याकडून उत्तर यावं, ही विनंती.



आपला विश्वासू,
जत तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार